समोरच्या गाडीत इवाकिरी

पंतप्रधानांनी राजीनामा दिला तेव्हा कुनिए ओझासा हमरस्त्यावरच्या बाजारात वाळवलेल्या बांगड्यांच्या पाकिटांवर दराच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. बाजार म्हणजे हामागासे गावाच्या वेशीवरची एक लांबट शेड. गावकरी सकाळी आपापला माल आणून मांडतात आणि संध्याकाळी उरलेला परत घेऊन जातात. गल्ल्याच्या वर टीव्ही असतो, त्याचा आवाज कायम बंद. त्या दुपारी मात्र गल्ल्यावरच्या हिगाशीबाईंनी तो मोठा केला आणि गिऱ्हाइकंसुद्धा पिशव्या हातात धरून तशीच उभी राहिली.

पडद्यावर गावचाच माणूस होता, सोइची मिकुरिया. वरच्या सभागृहाच्या निवडणुकीत पक्ष हरला, त्याची जबाबदारी आपली, असं ते सांगत होते. त्यांचा टाय एका बाजूला सरकला होता.

"टाय कुणी नीट करून दिला नाही वाटतं," कुनिए म्हणाली.

"त्यांचा सचिव इवाकिरी इकडे गावात. तिकडे कोण बघणार त्यांच्या टायकडे?" रताळी विकणारे कुरोगी म्हणाले.

मग मिकुरिया म्हणाले, की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीला आपण उभे राहणार नाही. टोकियोच्या निवेदकाने हे वाक्य जेमतेम ऐकून घेतलं आणि लगेच पुढचा पंतप्रधान कोण याकडे वळला. पडद्यावर चौकोनाचौकोनांत इच्छुकांचे चेहरे आले. शेडमध्ये त्या चौकोनांकडे कुणी पाहिलं नाही.

"टोकियोचं टोकियो बघून घेईल," कुरोगी म्हणाले. "पंतप्रधान काय, तिकडे सारखा नवा मिळतो. आपला खासदार तीस वर्षं एकच होता. आता इथे कोण?"

"इवाकिरी आहेत की," हिगाशीबाई म्हणाल्या.

"त्याला कुणी विचारलंय?"

"विचारायचं काय त्यात? त्यांच्याशिवाय सेन्सेईंना स्वतःच्या घरचा रस्ता तरी सापडतो का?"

मिकुरियांना सगळं गाव सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचं. सगळे हसले. कुनिएही हसली. इवाकिरीच, हे तिनेही मनात धरून टाकलं होतं.

तिचं आणि त्या माणसाचं नातं काय, हे हामागासेत कुणाला सांगावं लागत नाही. तरुणपणी कुनिए बसमधली मार्गदर्शिका होती. त्या काळी देशभरातली नवी जोडपी मधुचंद्राला याच किनाऱ्यावर यायची. काचेकडे पाठ करून, पांढरे हातमोजे घालून ती दिवसभर माइकवर खडकांच्या आणि देवळांच्या गोष्टी सांगायची. जोडपी समुद्राकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघायची, पण तिने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पुढे जोडपी विमानाने हवाईला जाऊ लागली, बस कंपनीने मुलींना घरी पाठवलं. अशातच एका संध्याकाळी कान्जी इवाकिरी नावाचा लाजरा तरुण तिच्या दारात येऊन उभा राहिला. मिकुरिया पहिल्यांदाच उभे राहत होते आणि तो त्यांची प्रचारगाडी चालवणार होता.

"माइक हातात आला की आवाज कापत नाही, असं कुणीतरी पाहिजे," तो म्हणाला होता.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत गाडीतला आवाज कुनिएचा. मिकुरियांचं नाव सकाळपासून संध्याकाळपर्यंत घ्यायचं, आणि दर वेळी आत्ताच आठवल्यासारखं घ्यायचं. दवाखान्यासमोर आवाज उतरवायचा. कुणाच्या दारात अंत्ययात्रेची फुलं दिसली तर माइक बंद. आणि कुणी हात हलवला की त्याची दखल घ्यायची: "दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या ताई, आपल्या पाठिंब्याबद्दल आभारी आहोत!" माणूस तिच्याआधी इवाकिरीला दिसायचा. "डावीकडे, शेतात, टोपीवाल्या आजी," तो पुटपुटायचा आणि कुनिए वळायची. पुढे तो सचिव झाला, चालक दुसरा आला, इवाकिरी त्याच्या शेजारी बसू लागला. गल्ली अरुंद दिसली की गाडी थांबण्याआधीच तो खाली उतरलेला असायचा. हात वर करून, पावलं मागे टाकत, "येऊ दे, येऊ दे" करत तो गाडी पलीकडे काढून द्यायचा. घसा बसला की मधात मुरवलेला मुळ्याचा कीस तिच्यासमोर यायचा. तो कोण करून आणायचं हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

या कामाची एक रीत आहे. दोन उमेदवारांच्या गाड्या रस्त्यात समोरासमोर आल्या की दोघींनी आवाज कमी करायचा, समोरच्या उमेदवाराचं नाव घ्यायचं आणि त्याला लढतीसाठी शुभेच्छा द्यायच्या. विरोधी पक्षाच्या गाडीतल्या सेकीबाईंना कुनिएने इतक्या वेळा अशा शुभेच्छा दिल्या होत्या, की आता दोघी एकमेकींना नव्या वर्षाचं कार्डही पाठवायच्या.

समर्थक मंडळाची बैठक समाजमंदिरात झाली. इवाकिरी नेहमीसारखा दाराशी बसला होता, उशिरा येणाऱ्यांचे बूट सरळ लावून ठेवत. पुढे मिकुरियांच्या पत्नी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मुलगा तोमोयुकी, टोकियोच्या बँकेतली नोकरी सोडून आलेला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, लोकांना मिकुरिया हे नाव सवयीचं आहे. कुणीतरी मागून म्हणालं, "फलकसुद्धा अर्धेच रंगवायला लागतील." यावर हशा पिकला आणि त्या हशातच निर्णय होऊन गेला. इवाकिरीने मान लववली. बैठक संपल्यावर सगळ्यांना छत्र्या काढून देणाराही तोच होता.

आठवडा उलटला नाही तोच बातमी आली, की इवाकिरी अपक्ष उभा राहतोय.

गाव हादरलं. "इतकी वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याच विरोधात?" असं अर्धे म्हणाले. बाकीचे म्हणाले, "मीठ त्यानेच तर घातलं होतं सगळ्यात." कुनिए दोन्हीकडे मान हलवत राहिली. घरी गेली की फोन जवळ ठेवून जेवायची. इवाकिरी बोलावेल, याची तिला खात्री होती.

बोलावायला आल्या त्या मिकुरियांच्या पत्नी. हातात गोड वड्यांचा खोका, दाराशीच कमरेत वाकलेल्या.

"कुनिएसान, माइक कुठे धरायचा तेसुद्धा त्याला कळत नाही हो. गाडीत तुमचा आवाज नसला तर लोकांना वाटेल, हा मिकुरियांचा मुलगाच नाही."

"वहिनी, आधी आत तर या."

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी चपला काढणार नाही."

कुनिएच्या मुलीला मच्छीमार संस्थेत नोकरी लागली ती सेन्सेईंच्या शब्दाने. नवरा गेला तेव्हा या बाईंनी तीन दिवस हिच्या स्वयंपाकघरात भांडी घासली होती. कुनिएने आणखी एका दिवसाची मुदत मागून घेतली. त्या दिवसात फोन एकदाच वाजला, आणि तो गॅसवाल्याचा निघाला. मग तिने हो म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी कळलं, की इवाकिरीने सुपरमार्केटमध्ये स्वस्ताईच्या घोषणा करणारी एक मुलगी घेतली आहे. त्या दिवशी कुनिएने बांगडे असे खसाखसा चिरले की हिगाशीबाईंनी सुरी काढून घेतली.

तिकडे टोकियोत पक्षाने नवा नेता निवडला, तो पंतप्रधान झाला आणि त्याने लगेच सभागृह विसर्जित केलं. हामागासेत त्याचं नाव दोन दिवसही कुणाच्या तोंडी टिकलं नाही. प्रचार सुरू झाला. गाडी तीच होती, पांढरे हातमोजे तेच, पुकारायचं आडनावही तेच. तोमोयुकी शिकत होता. त्याचा हात अजून बँकेच्या दारात निरोप दिल्यासारखा हलायचा, पण म्हाताऱ्या बायकांना तो आवडू लागला होता.

कुनिएला एकच गोष्ट नको होती. इवाकिरीची गाडी समोर येऊ नये. आली की त्याचं नाव घ्यावं लागणार, कर्ण्यातून, परक्या उमेदवाराचं घ्यावं तसं. एकदा तसं नाव घेतलं, की तो समोरचा झाला. मग त्याला आपला म्हणायची जागा कुठे राहते?

म्हणून ती रस्ते फिरवत होती.

"आजही डोंगराकडूनच का?" चालक हिदाकाने विचारलं.

"किनाऱ्याला वारा आहे. आवाज उडून जातो."

"काल झाडाचं पान हलत नव्हतं."

"तू गाडी चालव बाबा."

मागून तोमोयुकी म्हणाला, "इवाकिरीकाकांना टाळताय ना?"

कुनिएने मागे वळून पाहिलं नाही.

"टाळा," तो म्हणाला. "मलाही नको वाटतं. सायकल त्यांनी शिकवली मला. बाबांना वेळ कुठे होता."

शेवटून दुसऱ्या दिवशी सेन्सेई स्वतः गाडीत येऊन बसले. राजीनाम्यानंतर ते बारीक झाले होते. पंतप्रधान असताना आजूबाजूला असलेली रक्षकांची गर्दी नाहीशी झाली होती, त्यामुळे तर आणखीच. खिडकीला टेकून ते म्हणाले, "बंदराच्या मागच्या गल्लीतून घ्या. तिथली मतं कायम माझी."

"सेन्सेई, गल्ली फार अरुंद आहे," कुनिए म्हणाली.

"तीस वर्षं हीच गाडी जातेय तिथून."

हिदाकाने गाडी बंदराकडे वळवली.

एका बाजूला लाटा अडवणारी भिंत, दुसऱ्या बाजूला जाळ्यांच्या खोल्या, मधून एक गाडी जाईल एवढी वाट. खोल्यांच्या पायरीवर बायका जाळी दुरुस्त करत बसल्या होत्या. तोमोयुकी मिकुरियाचं नाव घेत कुनिए अर्ध्यापर्यंत आली आणि वळणावरून पांढरी गाडी समोर आली. तिच्या टपावरच्या पाटीवर इवाकिरीचं नाव होतं.

दोन्ही गाड्या थांबल्या. मिकुरियांच्या गाडीमागे मासळीचा ट्रक येऊन चिकटला होता. म्हणजे मागे जायचं ते इवाकिरीने. पण प्रचाराचा एकच दिवस राहिलेला असताना, बंदरावरच्या बायकांसमोर, मिकुरियांच्या पोराला वाट देऊन मागे सरकायचं? जाळ्यांवरचे हात थांबले. भिंतीपलीकडून पाणी आपटल्याचा आवाज तेवढा येत होता.

समोरच्या गाडीचं दार उघडलं आणि इवाकिरी उतरला. छातीवर तिरका पट्टा, पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत त्याचंच नाव. त्याने भिंतीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, मान मागे वळवून बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाकडे पाहिलं. आधी स्वतःची गाडी त्याने त्या फाटकात तिरकी घालायला लावली. मग चार पावलं पुढे येऊन हिदाकासमोर उभा राहिला आणि पांढरे हातमोजे घातलेले दोन्ही हात वर केले.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडे घे, डावीकडे. भिंत मी बघतोय, तू माझ्याकडे बघ."

हिदाका गोगलगाईसारखी गाडी पुढे घेऊ लागला. इवाकिरी मागे मागे सरत होता, डोळे चाकांवर. चेहऱ्यावर दुसरं काही नाही, फक्त ते काम.

सेन्सेईंनी काच खाली केली. "इवाकिरी, आरसा."

"हो सेन्सेई, बघितलाय," असं म्हणत त्याने तो हाताने दुमडला.

पायरीवरची एक बाई एकदम खिदळली. "अहो उमेदवार! मत कुणाला द्यायचं आम्ही?"

"दोघांना द्या, दोघांना!" दुसरी ओरडली आणि सगळ्या हसत सुटल्या.

इवाकिरी जागच्या जागी थांबला. हात अजून वरच होते. आपल्या छातीवरचा पट्टा त्याला आत्ता दिसला असावा. त्याचे कान लाल झाले. सेन्सेईंची काच अर्ध्यावर राहिली. तोमोयुकी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

दोन गाड्या समोरासमोर होत्या आणि रीत बाकी होती. फाटकातल्या गाडीत सुपरमार्केटची पोर माइक हातात धरून गोंधळून बसली होती, तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. कुनिएने आवाजाचं बटण खाली घेतलं. बस कंपनीत माइक तोंडापासून जितक्या अंतरावर धरायला शिकवला होता तितक्याच अंतरावर तो धरला.

"उमेदवार कान्जी इवाकिरी यांना तोमोयुकी मिकुरिया यांच्याकडून नमस्कार. या लढतीत आपल्याला मनापासून शुभेच्छा."

नाव भिंतीवर आदळून परत आलं. एवढ्या वर्षांत तिने ते कर्ण्यातून एकदाही घेतलं नव्हतं. घ्यायचं कारणच कधी पडलं नव्हतं. बायकांचं हसणं थांबलं.

इवाकिरीने हात खाली घेतले. त्याच्याजवळ माइक नव्हता. साध्या आवाजात, पण खणखणीत, तो म्हणाला, "तोमोयुकी मिकुरिया उमेदवारांना शुभेच्छा," आणि कमरेत वाकला. तोमोयुकी दार उघडून उतरायला निघाला, पण दार भिंतीला टेकलं होतं, ते उघडेना. त्याने बसल्या जागीच पुढच्या सीटला कपाळ लागेपर्यंत मान लववली. मग इवाकिरी पुन्हा मागे सरकू लागला, कारण गाडी अजून पूर्ण निघाली नव्हती.

बंदर मागे पडलं. कुनिएने माइक मांडीवर ठेवला होता. एका चौकात लोक उभे होते, त्यांना हातही हलवायचा राहिला. बऱ्याच वेळाने सेन्सेई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आरशाचं मी सांगायला नको होतं."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली. काही म्हणाले, असा माणूस पाहिजे, जो स्वतः उतरतो. काही म्हणाले, जन्माचा सचिव तो, दुसऱ्याच्या गाडीला वाट काढून देणार, त्याला गावातली काय नि टोकियोची काय, कुठलीच खुर्ची झेपायची नाही. कुनिएला दोन्ही ऐकून सारखाच राग आला.

तोमोयुकी निवडून आला. इवाकिरी दुसरा आला, फार मागे नाही आणि फार जवळही नाही. विरोधी पक्षाचा उमेदवार तिसरा. मिकुरियांच्या कार्यालयात लोकांनी हात उंचावून जयघोष केला, शकुनाचा भला मोठा तांबडा मासा आला, फोटो झाले. फोटोत कुनिए कडेला आहे, आणि तिचे डोळे मिटलेले आहेत.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी इवाकिरी बाजारात आला. पट्टा नाही, टाय नाही, अंगात विटका स्वेटर. डोंगरउतारावर वडिलांची संत्र्याची झाडं होती, इतकी वर्षं शेजाऱ्यानेच सांभाळलेली. पहिला क्रेट घेऊन तो आला आणि जागा शोधत उभा राहिला. रिकामी जागा एकच होती, बांगड्यांच्या शेजारची.

"बघा, मतदारांनी कुठे आणून बसवलं तुम्हाला," कुरोगी म्हणाले.

"रताळ्यांपेक्षा बरं," इवाकिरी म्हणाला. कुरोगींना हसू आवरेना.

कुनिए पाकिटं लावत राहिली. तो संत्री मांडत राहिला, देठ सगळे एकाच दिशेला. गिऱ्हाइकांची पहिली खेप निघून गेल्यावर तिने वर न बघता विचारलं, "का नाही विचारलंत?"

कशाबद्दल, हे त्याला सांगावं लागलं नाही.

"विचारलं असतं तर तुम्ही पेचात पडला असतात. वहिनींचे उपकार, मुलीची नोकरी. मला वाटलं, न विचारणंच..."

"पेच माझा होता."

"हो, पण..."

"सेन्सेईंनी काय खायचं, कुठे उतरायचं, सगळं तुम्ही परस्पर ठरवून मोकळे व्हायचात. त्यांना ते चालायचं. मला कशाला त्यात धरलंत? मी फोन उशाशी घेऊन झोपत होते इवाकिरीसान."

त्याच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं. "तुम्ही काय म्हणाला असतात?"

"ते विचारल्यावर कळलं असतं. आता मलाही माहीत नाही."

एक बाई येऊन संत्र्यांचा भाव विचारून गेली. त्याने चुकीचा सांगितला. ती गेल्यावर त्याने हातातलं संत्रं खाली ठेवलं. मग कुनिएकडे वळून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, अगदी तिच्या दारात पहिल्यांदा आला होता तितक्याच अवघडून म्हणाला, "वसंतात गावसभेची निवडणूक आहे. उभं राहावं म्हणतोय. तुम्ही गाडीत बसाल?"

कुनिएने हातातलं पाकीट खाली ठेवलं. नीट विचार केला. गल्ल्यावर हिगाशीबाईंनी पैसे मोजणं थांबवलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तोमोयुकी शिकेपर्यंत त्या घराला शब्द दिलाय मी. आणि दोन गाड्यांतून एकच आवाज आला तर लोक काय समजतील?"

"बरोबर आहे."

"पण विचारलंत, बरं केलंत."

"पुढच्या वेळीही विचारीन."

"विचारा. मीही बघीन काय सांगायचं ते." तिने बांगड्यांची रांग थोडी आत सरकवली. "दुसरा क्रेट गाडीतच आहे ना? आणा, इथे बसतो."